जिवंत तेवढं खाली उतरतं

१

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, घोड्याच्या मांसाच्या सॉसेजशेजारी, ओल्या वर्तमानपत्राची एक पुडी कायम असायची. पुडीत लाल अळ्या. चिलटांच्या, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या, तळ्याच्या चिखलातून काढलेल्या आणि जिवंत. लग्न होऊन बालझान या घरात आली तेव्हा पुडी बघून तिने पातेलं आपटलं होतं. "एक तर ह्या राहतील, नाही तर मी." अळ्याही राहिल्या, तीही राहिली. बायकांच्या बहुतेक धमक्यांचं हेच होतं.

आता पुडी सोडायला तिच्याशिवाय घरात कोणी नव्हतं.

काम नवऱ्याने शिकवलेलं. मूठभर अळ्या जाळीच्या फडक्यावर पसरायच्या. पाण्याने काठोकाठ भरलेल्या वाडग्यावर ते फडकं ताणून बांधायचं, खालून पाणी टेकेल असं. मग हात लावायचा नाही. जिवंत अळ्या अंग मुडपत, वळवळत, जाळीच्या भोकांतून आपणहून खाली पाण्यात जातात. चिखल, काड्या, मेलेल्या अळ्या वर राहतात.

"जिवंत तेवढं खाली उतरतं," नवरा सांगायचा. "वर राहील ते मेलेलं. मेलेलं टाकीत गेलं की टाकी नासली म्हणून समज."

टाकी त्यानेच बांधलेली. खाणीतल्या लोखंडी पट्ट्या जोडून केलेला सांगाडा, त्यात जाड काच. आतल्या खोलीची एक भिंत तिने व्यापलेली. त्यात त्याचे एंजल मासे, ताटलीसारखे चपटे, काळ्या पट्ट्यांचे, राजघराण्यातल्यासारखे सावकाश चालणारे. सुकं खाणं त्यांना चालत नाही. कोरडी भुकटी टाकली की तोंडात घेऊन थुंकतात. नवऱ्याने लाडावून ठेवलेले.

त्या लाडापायीच मागल्या हिवाळ्यात तो सासिककोल तळ्यावर अळ्या काढायला गेला. वीजकेंद्राचं गरम पाणी जिथे तळ्यात मिळतं तिथे बर्फ पातळ असतो, आणि चिखलात अळी भरपूर असते. बर्फाला पाडलेल्या भोकाशेजारी त्याची घसरगाडी सापडली, बादली सापडली, चिखल काढायचा लांब दांडा सापडला. तो सापडला नाही. वसंतात पाणबुडे उतरले. वर आले ते म्हणाले, खाली माणूस बुडेल एवढा चिखल आहे, हात घातला तर हातच दिसत नाही.

म्हणजे मेला, असं सगळे म्हणाले. बालझान म्हणाली, दाखवा.

त्या शनिवारी तिने फडकं बांधलं, चहा टाकला, दूध घातलं, परत येऊन बघितलं. अळ्या उतरत होत्या. त्यांच्यात एक राखाडी लोकरीचा धागा होता, नखाएवढा. चिखलाबरोबर आला असेल. तो वरच राहायला हवा होता.

तो जाळीच्या भोकापाशी वाकला, एक टोक आत घातलं, आणि खाली उतरला.

२

बालझान मूर्ख नव्हती. खाणीच्या प्रयोगशाळेत तिने उभी हयात कोळशाची राख तोलली होती. तिने स्वतःला नीट समजावलं. लोकर ओली झाली की पीळ सुटतो, आणि पीळ सुटताना धागा हलतो. शिवाय एखादी अळी त्याला चिकटली असेल आणि तिनेच ओढून नेला असेल. वाडग्याच्या तळाशी तिने चमचा फिरवला, पण अळ्यांच्या लाल गोळ्यात धागा दिसला नाही. मासे भुकेले होते. तिने वाडगा टाकीत रिकामा केला.

मासे आले. अळ्या खाल्ल्या. मग सगळे एका जागी गोळा झाले, वाळूकडे तोंड करून, शेपट्या वर. असे ते कधी थांबत नसत.

तेवढ्यात दार वाजलं. सापार, नवऱ्याचा धाकटा भाऊ. सासरच्या पुरुषांची नावं बालझानच्या जिभेवर येत नसत, तशी तिची रीत होती. शहरातल्या पोरी आता नवऱ्याला भर बाजारात नावाने हाका मारतात. मारोत. तिने लग्नाच्या वर्षीच दिराला 'छोटे सरकार' करून टाकलं होतं. आता छोट्या सरकारांना टक्कल पडलं होतं आणि टॅक्सी चालवून कंबर गेली होती, तरी नाव तेच.

"या छोटे सरकार. बूट बाहेर काढा, चिखल माझ्या बापाने नाही पुसायचा."

"वहिनी, तुमच्या बापाला देव सुखात ठेवो, पण तुमच्यापुढे तोही बूट हातात घेऊनच उभा राहायचा." सापारने बूट काढले. चहाची वाटी दोन्ही हातांत धरून तो निवलेल्या चहावर फुंकर घालत बसला. ती ओळखून होती.

"बोल. घशात अडकलंय ते काढ बाहेर."

"वर्ष होत आलं, वहिनी."

"कॅलेंडर माझ्याकडेही आहे."

"आई विचारते. वर्षाचं जेवण घालायचं, लोकांना बोलवायचं, कुराण वाचायचं. काहीच केलं नाही आपण. शुक्रवारी घराघरातून तेलाचा वास उठतो, तुमच्या घरातून उठत नाही."

शुक्रवारी मेलेल्यांसाठी तेलात सात शेल्पेक, म्हणजे पातळ पोळ्या, तळतात. मेलेल्यांना खाणं पोचत नाही, वास पोचतो. तो हुंगून ते निवांत होतात आणि आपापल्या जागी परत जातात.

"जिवंत माणसासाठी कोणी तळतं का?" बालझान म्हणाली.

"तो जिवंत असेल तर कुठे आहे, वहिनी?"

"मला काय माहीत? पुरुष कुठे जातात ते बायकांना सांगून जातात का?"

सापार हसला नाही. "आई म्हणते, मी रोज त्याच्या नावाने वाचते, पण तो पुढे जात नाही. कोणीतरी धरून ठेवलंय. नाव बायकोने घेतलं पाहिजे. मेलेल्यांमध्ये त्याचं नाव तुम्ही घेतलंत की तो जाईल."

"मी एवढी वर्षं त्यांचं नाव घेतलं नाही. आता घेऊ, ते मारायला?"

आतल्या खोलीत हवेच्या पंपाचे बुडबुडे चालू होते. मधेच ते थांबल्यासारखे झाले, कोणी नळीवर बोट ठेवावं तसे. मग पुन्हा सुरू झाले. सापारने तिकडे मान वळवली.

"जुना पंप आहे," ती म्हणाली.

३

पुढच्या पुडीत धागे जास्त होते. काही राखाडी, काही निळे. बालझानने त्या दिवशी चहा टाकला नाही. स्टूल ओढून वाडग्यापुढे बसली.

निळी पट्टी असलेली राखाडी टोपी तिने स्वतः विणली होती. कानावरून खाली येणारी, कडेला दुहेरी टाका. तो तीच घालून गेला होता.

धागे उतरले. अळ्यांसारखी घाई नाही, वळवळ नाही. एक टोक आत जायचं, थबकायचं, मग उरलेला धागा त्याच्या मागे जायचा. ओळखीच्या घरात माणूस दार लोटून शिरतो तसा.

टोपीच्या लोकरीचा उरलेला गुंडा कपाटात होता. तिने त्यातला एक तुकडा तोडला, ओला केला, फडक्यावर ठेवला. तो पडून राहिला. बोटाने ढकलला. भोकावर आडवा झाला, खाली गेला नाही. स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटून ठेवला. तोही राहिला. तळ्यातून आलेला एक धागा चिमट्याने उचलून पुन्हा वर ठेवला. तो उतरला.

प्रयोगशाळेत ती असंच करायची. एक नमुना, दुसरा नमुना, मग निष्कर्ष. निष्कर्ष लिहायला तिचा हात पुढे होईना.

जिवंत तेवढं खाली उतरतं.

तिच्या छातीत काहीतरी उघडलं, आणि ती, जी वर्षभर रडली नव्हती, तिथे स्टुलावर बसून रडली. सुखाने. हे ठरवून लिहिते, कारण पुढे जे झालं त्यावरून लोकांना वाटेल की ती आधीपासून घाबरलेली होती. नव्हती. ज्या बाईला तिच्या माणसाचं एकही हाड कोणी दाखवलं नाही, तिला एक धागा हलताना दिसला. तुम्हीही रडला असता.

तिने वाडगा टाकीत ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत.

४

अळ्या आणायच्या बाजारातल्या स्तेपानकडून. पक्षी, ससे, मांजरीची पिल्लं यांच्या गर्दीत शेवटच्या टोकाला तो बसायचा. कानटोपीचे पंख वर बांधलेले, पुढ्यात ओल्या गोणपाटाखाली ताटं.

"या या, राणीसाहेब! तुमच्या राजपुत्रांचं कसं काय? अजून भुकटी थुंकतात का?"

"तुझ्यापेक्षा शिस्तीने थुंकतात." बालझानने गोणपाटाचं टोक उचललं. अळ्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, गडद, चकचकीत. "ह्या कुठल्या?"

"सासिककोल. दुसरीकडे यंदा काहीच नाही, सगळी तळी तळापर्यंत गोठली. त्या गरम तोंडापाशी तेवढी आहे. पण कसली आहे बघा! इतकी वर्षं काढतोय, अशी जाड अळी बघितली नाही. एकाच जागी. दांडा घातला की भरून येतो. खाली काय खातायत कोण जाणे—"

तो बोलायचा थांबला. कोणाशी बोलतोय ते त्याला आठवलं. कानापर्यंत लाल झाला.

"राणीसाहेब, मी... माझी जीभच..."

बालझानने गोणपाटाचं टोक खाली सोडलं. तिच्या डोक्यात राख तोलायचा काटा सावकाश एका बाजूला गेला आणि तिथे थांबला. तो खाली आहे. चिखलात. अळ्या जाड आहेत. अळ्या माशांनी खाल्ल्या. तिने घातल्या, स्वतःच्या हाताने, आठवड्यामागून आठवडा.

"बांधून दे," ती म्हणाली.

"दुसरं काही देऊ का? गोठवलेली कोळंबी आहे."

"बांध म्हटलं ना."

तिने पुडी घेतली कारण ती न घेता परतली असती तर 'का नाही घेतली' याची चर्चा गावभर झाली असती. घरी येताना ट्राममध्ये पुडी मांडीवर होती. अळ्या ओल्या कागदात बारीक करकरतात, ते तिला ठाऊक होतं. त्या दिवशी करकर नव्हती. पुडी स्वस्थ होती, आणि हाताला किंचित गरम लागत होती.

५

घरी आल्यावर ती सरळ टाकीपाशी गेली. पुडी ओट्यावर तशीच ठेवून.

खिडकीतून फेब्रुवारीचं ऊन येत होतं आणि पाणी पातळ कोऱ्या चहासारखं पिवळं, स्वच्छ दिसत होतं. मासे पुन्हा एका जागी होते. वाळूतल्या झाडाच्या मुळामागे, शेपट्या वर, तोंडं खाली, गोल करून. तिने काचेवर टिचकी मारली. हलले नाहीत. मग तिने वाळू चाळायची लांब पळी घेतली आणि त्यांना बाजूला सारलं.

वाळूतून एक कड वर आली होती. राखाडी, गोल. दुहेरी टाका.

ती वाकली, चष्मा काचेला टेकला. जुनी, फाटकी, वाहून आलेली टोपी असती तर तिने समजून घेतलं असतं. ही नवी विणलेली होती. टाके घट्ट होते. कडेची ओळ पूर्ण, तिच्यावर दुसरी, तिसरी अर्धी, आणि अर्ध्यावर धाग्याचं टोक पाण्यात मोकळं, पुढच्या टाक्याची वाट बघत. तिचा स्वतःचा टाका, ज्यात ती दर ओळीच्या शेवटी एक चूक करते. चूकही होती.

बाजारातून बातमी आणली होती की तो मेलाय. इथे दिसत होतं की तो येतोय. वर्षभर तिला याच दोहोंपैकी एक हवं होतं. दोन्ही एकदम असू शकतं, हे तिने कधी तोलून बघितलं नव्हतं.

कोणीतरी पुडीपुडीने घरी येत होतं. आणि प्रत्येक पुडी तिनेच सोडली होती, तिनेच गाळली होती, तिनेच गरम पाण्यात ओतली होती. टोपी आधी आली होती. तिच्याखाली, वाळूत, आता काय होतं?

पळी वाळूत घालायला तिचा हात पुढे गेला. वाळू हलली, पळी टेकायच्या आधी.

स्वयंपाकघरात ओट्यावर पुडीचा कागद उलगडल्याचा आवाज झाला.

तिने खोलीचं दार बाहेरून लावलं. पुडी फावड्याने उचलली, गच्चीतल्या बर्फात टाकली, आणि फोन केला.

"छोटे सरकार. शुक्रवारी ये. पीठ मी मळते."

पलीकडे सापारने टॅक्सी कडेला घेतली. मग म्हणाला, "आईला सांगू?"

"सांग. सांग की मी नाव घेते."

६

शुक्रवारी दुपारच्या नमाजाहून सापार सरळ आला, नवी टोपी घालून. बालझानने ओढणी घट्ट बांधली होती. कढईत तेल तापत होतं. दोन दिवस तिने आतल्या खोलीचं दार उघडलं नव्हतं. मासे उपाशी होते. राजपुत्र असले तरी एवढं त्यांनी सोसावं, असं तिने ठरवलं होतं.

"दार का बंद?" सापारने विचारलं.

"थंडी जाते."

"वहिनी, तुम्ही बऱ्या आहात ना? चेहरा—"

"चेहऱ्याला काय झालंय? पन्नाशी कधीच उलटली, आता काय गुलाब फुलणार? बस."

पहिला शेल्पेक तेलात सोडला. तो फुगला, डागाळला, त्याचा वास स्वयंपाकघरातून बाहेर पडला आणि मधल्या बोळातून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला. तिने तो जाताना जणू पाहिला. एकेक करून तिने सगळे तळले. सापारने तळहात वर करून कुराणातलं वाचायला घेतलं. त्याचा आवाज चांगला होता. टॅक्सीत वाया जात होता.

बंद दारामागे पंपाचे बुडबुडे चालू होते. वाचन पुढे गेलं तसे ते हळू झाले. कान देऊन ऐकावं तसे.

बालझानला हलकं वाटलं. हे बरोबर होतं. आई बरोबर म्हणत होती, सासू झाली म्हणून काय झालं. माणसाला त्याची जागा सांगावी लागते. वास उठला आहे, तो हुंगेल, वळेल, आणि चिखलात असो की कुठे, जिथे जायचं तिथे जाईल. आणि ती उरलेल्या आयुष्यात त्याच्यासाठी दर शुक्रवारी पीठ मळेल. हे दुःख तिला पेलण्यासारखं होतं. असं दुःख असलेल्या बायका तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या चहा पितात, हसतात, शेजारणींशी भांडतात.

सापार थांबला. हात तसेच वर, डोळे मिटलेले.

"हे पुण्य कोणाच्या नावे, वहिनी? म्हणा."

तिने तोंड उघडलं. लग्नाच्या दिवसापासून ते नाव तिने तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. रागात नाही, लाडात नाही, बर्फावरच्या त्या भोकापाशी गुडघ्यांवर बसून ओरडतानासुद्धा नाही. तिथे ती नुसती 'अहो' म्हणून ओरडली होती.

"म्हणा," सापार हळूच म्हणाला. "जाऊ द्या त्याला."

"येसेन," बालझान म्हणाली.

बुडबुडे थांबले. एवढ्या शांततेत कढईतलं तेल शेवटचं एकदा चुरचुरलं.

आणि बंद दारामागून, टाकीच्या बाजूने, तोच जाड, थोडासा वैतागलेला, कामात असलेला आवाज आला.

"आलो, थांब जरा. हात ओले आहेत."

सापारचे तळहात वरच राहिले. त्याने डोळे उघडले नाहीत. खोलीत पाणी हललं, भरल्या टाकीतून काहीतरी मोठं वर आल्यावर हलतं तसं, आणि फरशीवर ठिबकायला लागलं.

नाही म्हणायचं, हे बालझानला कळत होतं. मोठ्याने म्हणायचं, आत्ता, ते दार उघडायच्या आत. तिने श्वास घेतला.

तिचा हात मात्र तिला न विचारता खुंटीकडे गेला होता, आणि त्याने कोरडा टॉवेल काढून घेतला होता.